हेमराजचं पुढे काय झालं

मी तंबूला शिवी दिली, आणि तंबूनं उत्तर दिलं.

असं सहसा होत नाही. तंबू म्हणजे कापड, आणि कापड ऐकून घेतं... म्हणून तर मी त्याच्याशी बोलायला गेले होते. डोक्यावर शेणाची पाटी, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी त्या कापडाला तोंड लावून म्हटलं, "मुडद्या, एकदानं सांगी टाक ना! हेमराज मरी गया का जिता शे?"

तंबूनं थोडा विचार केला. मग म्हणाला, "कोण हेमराज?"

मी पाटी टाकून पळाले. थोडं पळाल्यावर आठवलं, की शेण आपलं आहे. परत आले, तोवर कापडाच्या फटीतून एक डोकं बाहेर आलं होतं. केस उभे, गालावर काजळीचा पट्टा, आणि डोळे बारीक — उजेडाकडे बघून बघून होतात तसे. ते डोळे माझ्याकडे बघत नव्हते. शेणाकडे बघत होते.

"जळण आहे का हे?"

"ओलं आहे अजून," मी शाळेतल्या मराठीत म्हटलं. परका माणूस दिसला की मी चौथी पास असल्याचं मला आठवतं.

"चालेल. मला कुठं जायचंय!"

हे त्यानं खरं सांगितलं. लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो हिवाळा. नंदुरबारात उंदीर पडायला लागले होते, आणि प्लेग घरात आला म्हणून माणसं घराबाहेर पडली होती. सगळं गाव शेतांत, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या झोपड्यांत. गावात फक्त कुलपं. सरकारनं हुकूम काढला, की चार माणसांनी एकत्र जमायचं नाही. चार म्हणजे जमाव. आमच्या शेजारच्या झोपडीत पाच जण होते. हुकूम कसा पाळायचा या चिंतेत ते होते, तेवढ्यात प्लेगनं दोघांना नेलं. आता ती झोपडी कायद्यात बसते.

शिनेमाचा तंबू दरसालप्रमाणे आला होता, उभा राहिला होता, आणि पहिल्या खेळाआधीच हुकूम आला. तंबूचा शेठ मिळाली ती गाडी पकडून सुरतेला गेला. तंबूला दार नसतं, त्यामुळे कुलूप लावता येत नाही. म्हणून शेठ मशीनवाल्याला लावून गेला. तो मशीनवाला म्हणजे हे डोकं. नाव नवलसिंग, गाव वर डोंगरातलं, काठी नावाचं. त्याची भाषा तंबूसारखीच होती — चार मुलखांत फाटलेली आणि चार मुलखांतल्या सुतानं शिवलेली.

"हेमराज कोण तुझा?" त्यानं विचारलं.

"माझा कुणी नाही. आईचा आहे."

त्यानं नजर पुन्हा शेणाकडे वळवली. त्याचा गैरसमज झाला असावा. मग मला सगळंच सांगावं लागलं.

आम्ही भोई. आमची फुटाण्यांची भट्टी. बोलपट आल्यापासून आई, म्हणजे गुलाबबाई, दर खेळाला तंबूबाहेर शेगडी-कढई आणि टोपली घेऊन बसायची, आणि तिच्या बाजूला मी. आत जायचं कधी जमलं नाही, कारण आत बसलं तर बाहेर फुटाणे कोण विकणार? पण कापड पातळ असतं. आम्ही सगळे खेळ कानांनी बघितले. बोलपटात लोक एकमेकांना फार हाका मारतात, त्यामुळे आम्हाला नावं पाठ. कुणीही यावं, नुसतं नाव सांगावं — जालिमसेन! — की आई कढईतली वाळू हलवता हलवता खेळ सांगणार, "तलवारीची सासू. अजून कोनतं?" बाजारात लोक पैजा लावायचे. आई कधी हरली नाही.

आणि मागच्या साली 'चंदनगडचा चोर' लागला. त्यात हेमराज नावाचा चोर. बोलायला इतका गोड, की आईचे दोन घाणे करपले. शेवटी त्याला पकडतात, फाशी ठरते, त्याची मंजिरी किंचाळते... आणि आवाज गेला. भोंगा बंद. आत चित्र चालू होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आम्हाला नुसतं इंजिन. आईनं बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला मेला. एक म्हणाला लग्न झालं. एकानं सांगितलं की हेमराज हत्तीवर बसून गेला. त्याला आईनं फुटाणे दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी तंबू उठला.

"मग यंदा ऐकायचं होतं," नवलसिंग म्हणाला.

"यंदा हुकूम आहे. आणि पुढच्या साली आई नाही."

आईला प्लेग झाला नव्हता. तिला क्षय होता, आणि तो प्लेगच्या आधीपासून रांगेत उभा होता. वैद्यानं हात हलवून सांगितलं होतं की आता थोडंच. त्या दिवसापासून ती रोज सकाळी मला एकच विचारायची — हेमराज मेला का जगला? मी एकदा चिडून म्हटलं, तुले काय करनं त्याशी? तर म्हणाली, "तठे वर कोनी वळखीनं जोयजे ना, धनु. तो मरी गया व्हई, तर भेटी जाई."

"बाप शे ना मन्हा तठे," मी म्हटलं.

"शे. पन तो आठे, घरमा बी बोले नही."

हे ऐकून नवलसिंगनं गालावरची काजळी पुसली. ती नाकावर गेली.

"मला माहीत असायला हवं," तो म्हणाला. "सगळे खेळ मीच लावतो. पण हेमराज कोणता ते मला नाही कळत. मी कधी ऐकलंच नाही ना."

"म्हणजे?"

"इंजिन माझ्या कानाशी असतं. धाड धाड धाड. मी भोकातून बघतो, सगळं बघतो. पण मला आवाजाला सगळे शिनेमे सारखेच." तो जरा लाजला. "मी त्यांना माझ्या मनानं नावं ठेवलीत. काडी. रडकी. घोड्यावरचा. दुसऱ्या घोड्यावरचा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्याजवळ सगळी नावं होती आणि एकही तोंड नव्हतं. याच्याजवळ सगळी तोंडं होती आणि एकही नाव नव्हतं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या शेठनं कधीच्या चुलीत घातल्या होत्या.

तेव्हा आम्ही ठरवलं, की हेमराज शोधायचा.

मी रोज दुपारी आईला पेज पाजून तंबूकडे जायचे. सरकारनं लांब बसायला सांगितलं होतं. आम्ही लांबच बसायचो... रोज थोडं कमी लांब.

"जालिमसेन," मी म्हणायचे.

"काय करतो?"

"आधी खाकरतो, मग हसतो, मग म्हणतो, घेऊन जा हिला."

"हसणारे पुष्कळ आहेत. काय नेतात, पेटी का बाई?"

"बाई."

"मग ती काडी. कमरेला तलवार असते, ती त्याच्यापेक्षा जाड आहे."

मी हादरले. माझा जालिमसेन हत्तीएवढा होता. लहानपणी त्याच्या धाकानं मी जेवायचे.

"आणि एक रडकी आहे," नवलसिंग म्हणाला. "झोपाळ्यावर बसते. तोंड उघडते, मिटते, पुन्हा उघडते, मान वाकडी करते. मला नेहमी वाईट वाटतं. तिची दाढ दुखते."

"झोपाळा करकरतो?"

"मला कसं कळणार!"

"करकरतो. ती मंजुलता. दाढ नाही दुखत, गाते ती."

"गाते?"

मग मी गायले. भट्टीच्या धुरानं माझा गळा काही राजकन्येचा नाही, पण त्याला तुलना करायला दुसरं काही नव्हतं. तो मूठभर फुटाणे हातात धरून बसला, आणि एकही खाल्ला नाही. संपल्यावर म्हणाला, "पुन्हा म्हण."

"कशाला?"

"इतकी वर्षं तिच्या दाढेची काळजी केली मी. आता जरा बरं वाटतंय."

एकदा त्या बाजूनं दगा शिपाई आला. दगा आमच्याच गल्लीतला. हुकूम पाळला जातो का बघत दिवसभर फिरायचा. "किती जण शेतस रे?" लांबूनच ओरडला.

"दोन!" मी ओरडले.

"दोन जण काय करी ऱ्हायनात?"

"तिसऱ्याला शोधतोय!" नवलसिंग म्हणाला.

दगानं हुकूम आठवून बघितला. तीन चालत होते. तो गेला.

मग मी हेमराजवर आले. खरं सांगायचं तर आधीच यायला हवं होतं. पण मी रोज एक नाव पुढे करत होते — बिजलीसिंग, मधुकांता, दिवाणजी — आणि मनात म्हणत होते, उद्या हेमराज. झोपडीत आईचं खोकणं उद्याची वाट बघत नव्हतं, हे मला ऐकू येत होतं.

"हेमराज," मी म्हटलं. "घोड्याला बेटा म्हणतो. विहिरीवर मंजिरीकडे पाणी मागतो. रहाट वाजतो... आणि मग बराच वेळ काही नाही. मशीन बिघडलं असेल."

"नाही बिघडत तेव्हा." त्याचे डोळे मोठे झाले. "तो ना? तो तिच्याकडे बघतो."

"मग?"

"ती त्याच्याकडे बघते."

"मग?"

"घागर भरून सांडते. दोघांना कळत नाही."

"इतका वेळ?"

"इतका वेळ."

असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिले. वाऱ्यानं तंबूचं कापड फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं. बाहेर कुणी टोपली घेऊन बसलं असतं, तर त्याला वाटलं असतं की मशीन बिघडलं.

मग तो एकदम उठला, आत गेला, आणि पेट्या उघडल्याचा आवाज आला. मी थांबले. तो बाहेर येईना. मी फटीतून बघितलं, तर तो डब्यांच्या मधोमध, मयताला बसतात तसा बसला होता.

"सापडला का?"

"सापडला. शेवट नाही."

"नही म्हंजे?"

"शेवटचं रीळ जळालं. मागल्या साली, इथं यायच्या आधी. तो हाच खेळ, हे आत्ता डबा उघडल्यावर कळलं; भोंगा तर कुठंही बंद पडतो." त्यानं डावा हात पुढे केला. तळव्याला कातडी नव्हती, नुसती चकाकी होती. "ही फिल्म दारूसारखी पेटते. मग शेठनं 'विलायती सून'चं शेवटचं रीळ जोडलं. म्हणाला, आवाज बंद ठेव, नावं ऐकू आली तर लोक ओळखतील. लोकांनी ओळखलं नाही. टाळ्या वाजवल्या."

माझं शाळेतलं मराठी संपलं. "मन्ही माय वरीसभर वाट देखी ऱ्हायनी! मरणवर टेकेल शे ती, आन तू... तू बटन बंद करं?"

"मी केलं," तो म्हणाला.

मी रडले. तो जवळ आला नाही. त्यानं फक्त बोलायला सुरुवात केली, इंजिन चालू नसतानाही मोठ्यानं. "माझी आजी मरत होती तेव्हा रोज विचारायची, पाऊस येतोय का? वैशाख होता. आम्ही पोरं छपरावर चढलो, आणि घागरीनं पाणी ओतलं. ती हसली आणि गेली." तो थांबला. "चित्र आहे. आवाज नाही. आवाज मी देतो."

"तू? हेमराज?"

"बोल, काय व्हायला हवं त्याचं?"

मी नाक पुसलं. "मरायला हवा. आईला सोबत पाहिजे."

"मग मरतो," नवलसिंग म्हणाला. "एवढी माणसं मरतायत, त्यात आपण एक."

मला ते आवडलं नाही. पण मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही आईची खाट उचलून तंबूत आणली. खाट आईपेक्षा जड होती. इंजिनात तेल एका रिळापुरतंच होतं. आई म्हणाली, चालेल, मागलं माले पाठ शे. आयुष्यात पहिल्यांदा ती तंबूच्या आत आली होती. तिनं आधी वर बघितलं, मग मला म्हणाली, "धनु, ठिगळ आतून जास्त दिसतस."

इंजिन सुरू झालं, आणि दगा शिपाई धावत आला. "बंद करा! जमाव शे हाऊ!"

"तीन जण आहोत," नवलसिंग म्हणाला. "तू आत आलास की चार. मग जमाव तुझ्यामुळे."

दगा एक पाय आत टाकून तसाच थांबला. त्यानं बराच वेळ हिशेब केला, आणि पाय बाहेर घेतला. डोकं मात्र आतच ठेवलं. डोकं मोजतात का पाय, हे हुकमात नव्हतं.

परदा उजळला. नवरदेवाची वरात होती — 'विलायती सून'ची. हत्ती, छत्र्या, नाचणारी माणसं.

आई उठून बसायला बघत होती. "अय माय," ती म्हणाली, "ह्या लोकेसले पाय बी शेतस!"

इंजिन कानाशी धडधडत होतं. दिवसा गावात जाहिरात करायचा पत्र्याचा भोंगा तेवढा आमच्याजवळ होता. एक भोंगा आणि दोन तोंडं. मशीनपासून हलता येत नव्हतं, त्यामुळे माझं कानशील त्याच्या कानशिलाला लागत होतं. त्याला काजळीचा आणि तेलाचा वास होता. माझा फुटाण्यांचा असणार.

"मंजिरी!" तो ओरडला.

"हेमराज!" मी ओरडले.

"परद्यामांगे ऱ्हाये तो," आई म्हणाली, "आते मन्हा मांगे कसा उना? आन आवाज काब्र बसना त्याना?"

"थंडी शे, मावशी," दगा म्हणाला.

"मंजिरी, मला फाशी झाली आहे. मी मरतो."

परद्यावर नवरदेव हत्तीवर बसून पान खात होता.

"हत्तीवर?" दगानं विचारलं.

"चंदनगडला फाशीला हत्तीवरूनच नेतात!"

"मंग हसी काब्र ऱ्हायना?" आई म्हणाली.

"स्वभाव!" नवलसिंग ओरडला.

आई हसली. हसताना खोकली, आणि खोकल्यातून बाहेर यायला तिला वेळ लागला. मग ती परद्याकडे न बघता, डोळे मिटून, नेहमी ऐकायची तशी मान कलती करून म्हणाली, "हेमराज, वर गया का मन्ही वाट देखशी का? मी येसच. लांब नही आते."

नवलसिंगनं माझ्याकडे बघितलं. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या निळ्या उजेडात त्याचं तोंड आधीच मेलेल्या माणसासारखं दिसत होतं. त्यानं भोंगा ओठांना लावला आणि आमच्या भाषेत म्हणाला, "देखसू, माय. मी... मी मरी ऱ्हायनू..." आणि त्याला खोकला आला.

काजळीचा असेल. पण त्या हिवाळ्यात कुणी खोकलं की माणसं मागे सरकायची. मी पुढे सरकले. भोंगा त्याच्या हातातून ओढला.

"नही!" मी ओरडले. "तू मरशी नही! मी तुले मरू देस नही! मन्हा जीव जडेल शे तुन्हावर, समजनं का?"

मंजिरी चंदनगडच्या दिवाणाची मुलगी. ती जन्मात असं बोलली नव्हती. परद्यावर फुलं उडत होती. शेतातल्या झोपड्यांमधून कुणीतरी विचारलं, "कोन शे रे?" पत्र्याचा भोंगा चांगला होता, पार लांबच्या झोपड्यांतही कळलं असणार.

आईनं डोळे उघडले. बराच वेळ इंजिनच बोललं.

"हेमराज," ती शेवटी म्हणाली. "तू भोई शे का?"

नवलसिंगनं भोंगा घेतला. "नाही. मी चोर आहे."

"मंग बरं. चोरले जात कोन इचारस." तिनं श्वास गोळा केला. "तुन्हा बी जीव शे का तिन्हावर?"

"शे," तो म्हणाला, भोंग्याशिवाय, अगदी हळू. ते फक्त मला ऐकू आलं. मग त्यानं भोंगा लावला आणि सगळ्या शिवाराला सांगितलं, "शे!"

आईनं मान हलवली. दाणा नीट भाजला गेला की हलवायची तशी.

"ऱ्हाऊ दे मंग त्याले जिता," ती म्हणाली. "मी एकलीच जासू. तुन्हा बाप शेच तठे. बोलत नही... पन शे."

आई गेली ती तिसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला काही न विचारता. तिला पोचवायला निघालो तेव्हा नवलसिंग माझ्या शेजारून चालत होता, आणि झोपड्यांच्या दारांत उभ्या असलेल्यांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. बोलण्यासारखं सगळं त्यांनी आधीच ऐकलं होतं.